दह्याची जीप

"तुमचं वजन किती हाय, मॅडम?"

गेवराईत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठं, अंडं-मटण खाता का, काही नाही. वजन! मी अजून उंबऱ्याबाहेरच होते. असा राग आला की म्हटलं, आल्या पावली परत जावं. तेवढ्यात आतून एक बायकी आवाज आला, "अवो, आधी बसा तरी म्हना तिला!" आणि मग तोच आवाज मला म्हणाला, "पोरी, मनावर घिऊ नको. त्यान्ला जीपसाठी पायजे."

मी वजन सांगितलं नाही. त्यांनी पेंडीचं पोतं बघावं तसं मान तिरकी करून मला बघितलं, मग आतल्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं आणि म्हणाले, "जमतंय. हिच्याच अंगापिंडाच्या हायेत. कधी येताव राह्यला?"

त्यांचं सरकी पेंडीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. त्यांच्या बायकोला काकू. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत काळं ग्रीस, असा अप्पांचा अवतार. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस पूजेवरून उठला की थेट जीपखाली शिरायचा. अंगणातली ती जीप इतकी उंच करून ठेवली होती की शेजारची शेळी तिच्याखालून न वाकता जायची. शहरातली हौशी पोरं डोंगर चढायला गाड्या उंच करतात, हे मी ऐकून होते. पण गेवराईत डोंगर कुठला आलाय? मला वाटलं, पैसा झालाय आणि पोरं पुण्याला, म्हणून काहीतरी खूळ.

डोंगर नव्हता, ओढा होता. काकूंचं माहेर गोदावरीच्या काठचं, तसं जवळच. पण वाळूच्या टिप्परनी त्या रस्त्याची पार चाळण केलेली, आणि गावाच्या अलीकडच्या ओढ्यावरचा नळ्यांचा पूल एका पुरात वाहून गेला तो गेलाच. साध्या गाडीचं पोट तिथं टेकायचं. ट्रॅक्टर जायचा, मोटारसायकल जायची, टिप्पर तर जायचेच. काकूंना यातलं काहीच चालण्यासारखं नव्हतं, कारण काकूंचा मणका.

तो मणका अप्पांच्या हातून गेला होता. ते लपवत नसत. पेंड तोलता तोलता गिऱ्हाइकालासुद्धा सांगायचे, "मीच चालवत व्हतो. पोती उतरवून रिकामी जीप घिऊन येत व्हतो, ही मागं बसलेली. नवा गतिरोधक केलता, दिसला मला. दुकान उघडायची घाई व्हती. बिरेक मारला असता तर झालं असतं. मारला न्हाई." पुढं ऑपरेशन झालं. घरी सोडताना मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, सगळं करा. फक्त दणका बसू देऊ नका." डॉक्टर बोलून मोकळे झाले आणि अप्पा तो एक शब्द धरून बसले.

"दणका म्हंजी नेमकं काय, मॅडम? तुमी मराठीच शिकवताव ना?"

मी तलवाड्याच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि एसटीनं जाऊन-येऊन करायचे. अप्पा म्हणाले, मी सोडतो की रोज. फुकटात जीप मिळतेय म्हणून मी खूश. मागच्या बाजूला त्यांनी लांबलचक गादी बसवून घेतली होती, काकूंना पाय लांब करून रेलता यावं म्हणून. पुढच्या सीटवर तेच जमत नव्हतं. त्या गादीवर मला बसवायचे आणि प्रत्येक खड्ड्यानंतर विचारायचे, "आता काय व्हता?"

"खड्डा होता, अप्पा."

"खड्डा मला दिसला. तुमाला काय बसलं त्ये सांगा."

अशी आमची उजळणी चालायची. सगळं अंग एकदम डुलतं तो हेलकावा. पुढंमागं ओढलं जातं आणि मानेत कळतं तो हिसका. आपण खाली येतो आणि पोट मागनं येतं तो गचका. आणि खालनं सरळ वर येतो, दातात वाजतो, तो दणका. "हेलकावा चालंल," अप्पा ठरवून टाकायचे, "हिसक्याला उशी लावू. गचक्याचं बगू. दणका न्हाई." मी एकदा वैतागून म्हटलं, अप्पा, मी शाळेत शिकवायला चाललेय, परीक्षेला बसायला नाही! त्यावर ते म्हणाले, "मग बरोबर उत्तर द्या की." आता माझी बदली सिरसाळ्याला झालीय, पण आजही एसटीत बसले की माझं मन आपोआप बोलतं: हा गचका, हा हिसका.

खूळ म्हणून हसून सोडून द्यावं, असं मात्र ते नव्हतं. काकूंच्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी जातात. हा दादा दर पंचमीला दारातल्या लिंबाला झोका बांधायचा, बहिणीला नातवंडं झाली तरी बांधायचा. आता दादा येऊ शकत नव्हता आणि काकू जाऊ शकत नव्हत्या. व्हिडिओ कॉल करून बघितला. "त्यो बोलत न्हाई, नुस्ता बगतो," काकू सांगायच्या. "मग त्यो रडतो, मी रडते, आन मग नेट जातं." पुढं त्यांनी कॉल करणंच सोडलं. दादा आहे तोवर एकदा त्याला भेटायचं, एवढं एकच त्यांना हवं होतं.

"न्हेतो ना," अप्पा म्हणायचे. "जीप तयार झाली की न्हेतो."

आणि जीप काही तयार होईना. गाडीच्या खाली लोखंडी पाटे असतात, वाकवलेले, एकावर एक रचलेले. अप्पांची जीप पेंड वाहणारी, म्हणून तिचे पाटेही जाडजूड. पोती भरली की गरीब गाईसारखी चालायची आणि रिकामी झाली की लाथा झाडायची. नाक्यावरच्या मिस्त्रीनं आधी लोखंडी गुटके, म्हणजे ठोकळे, घालून तिची उंची वाढवली. ओढ्यात पोट टेकायचं थांबलं, पण वळणावर ती अशी कलायची की मी दोन्ही हातांनी दांडा धरून देवाचं नाव घ्यायचे. गुटके काढले. मग जास्त वाकाचे लांब पाटे मागवले. उंची छान आली, पण नवे पाटे कडक. लोक म्हणाले, दगड भरून हिंडवा, मऊ पडतील. अप्पांनी दगड भरून हिंडवली. तरी समाधान नाही म्हणून एक पाटा कमी केला. गाडी मऊ झाली, आणि इतकी मऊ झाली की तलवाड्याच्या रस्त्यावर एका खड्ड्यात तिचं बूड जाऊन आदळलं. माझे दात वाजले. अप्पा गाडी थांबवून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसले. "ह्योच," म्हणाले. "ह्योच त्यो."

मग शॉकअपचं पर्व सुरू झालं. तेलाचे घ्यावेत की गॅसचे? मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. त्यात गोरीगोमटी पोरं टेकाडावरून गाड्या उडवायची आणि खाली आल्यावर टाळ्या पिटायची. अप्पा चिडायचे. "ह्यान्ला उडी मारायची हाय. मला उडी न मारता जायचंय. असा एक तरी व्हिडिओ हाय का?" गॅसचे बसवले तर बारका खडाही जाणवायला लागला. ते काढून तेलाचे बसवले, लांब, आणि मऊ-कडक करायला बुडाशी चकती असलेले. ती चकती हाती आल्यापासून आमची गाडी पुढंच जाईना! डांबरी लागली की उतरून चकती, मुरूम लागला की उतरून चकती. शाळेची घंटा मला रस्त्यातच ऐकू यायची.

मिस्त्री टेकीला आला होता. "अप्पा, ये गाडी हय, पालना नक्को समजो," तो हात जोडून म्हणायचा. "रोज एक पाटा घालायलोय, रोज एक काढायलोय. लोक हसायलेत मला."

"हसू दे बे," अप्पा म्हणायचे. "पाटा काढ."

लग्नाकार्यात तर त्यांना नेऊ नये. जरा नजर वळली की अप्पा गायब, आणि सापडायचे ते गाड्या लावलेल्या असत तिथं. लोकांच्या गाड्या कोपऱ्यावर जोरानं दाबायचे, सोडायचे आणि किती डुलतात ते बघत बसायचे. तलवाड्याला एका लग्नात त्यांनी असाच नवरदेवाच्या फुलांनी सजवलेल्या मोटारीचा कोपरा दाबला आणि ऐन मंगलाष्टकात भोंगा केकाटायला लागला. भटजी थांबले. नवरीच्या मामानं बाहेर येऊन विचारलं, "कावून हो अप्पा, काय करायलात?" अप्पा म्हणाले, "मागचे शॉकअप गेलेत बगा तुमचे. बदलून घ्या."

अडचण खरी वेगळीच होती. मागं बसलेलं माणूस खरं सांगत नाही. पाहुण्यारावळ्यांना बसवून ओढ्यापर्यंत नेऊन आणलं, तर जो तो म्हणे, "लई आराम हाय अप्पा, झोप लागली." झोप कसली, उतरताना कंबर धरून उतरायचे! पण घरचा चहा घेतलेला, तोंडावर वाईट कसं म्हणायचं? राहिले मी. तर मला एके दिवशी अप्पा म्हणाले, "तुमचा आता उपेग न्हाई, मॅडम. तुमी निब्बर झालाव." आणि ते खरं होतं. मला हल्ली गचकासुद्धा हेलकावाच वाटायचा.

तेव्हा त्यांनी दही काढलं. काकू रोज संध्याकाळी मातीच्या गाडग्यात दही लावायच्या. सकाळी ते घट्ट लागलेलं, कवडी पडलेलं दही अप्पा गादीवर ठेवायचे, खाली कापडाची चुंबळ, नेमकं काकू टेकणार त्या जागी. ओढ्यापर्यंत जायचं, ओढा उतरायचा, चढायचा, परत यायचं. अंगणात गाडी थांबली की झाकण काढायचं. कवडीला तडा गेला, पाणी सुटलं, की जीप नापास. "मानूस लाजंकाजं खोटं बोलतं," अप्पा मला म्हणाले, "दही कावून बोलंल?"

दही रोज मोडायचं. मोडलेल्या दह्याचं ताक व्हायचं, कढी व्हायची, आणि सगळ्या गल्लीत वाटली जायची. लोक जीपला दह्याची जीप म्हणायला लागले. ती येताना दिसली की बायका तांबे घेऊनच बाहेर यायच्या.

मी तिथं राहायला गेल्यानंतरची पहिली पंचमी अशीच गेली. आदल्या दिवशीपर्यंत दही मोडत होतं. अप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी. काकू भाकरी थापत होत्या, तशाच पिठाच्या हातानं उठून बाहेर आल्या.

"दनका मला बसनार हाय ना? मग मला इचारा की! त्या गाडग्याला काय इचारताव?"

"तुला इचारून काय उपेग? तू चला म्हननार."

"म्हननारच! माजा भाऊ हाय त्यो!"

"मग? पुन्ना झोपून ऱ्हायलीस म्हंजी? एकदा केलंय मी, पुन्ना न्हाई करनार." अप्पांचा आवाज फाटला. काकू आत गेल्या आणि उरलेल्या भाकरी जोरजोरात थापायला लागल्या. दोघांचंही मला पटत होतं, म्हणून मी गुपचूप माझ्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण लागला तेव्हा माहेरहून वहिनीचा फोन आला. दादा घास घेईना झालेला. तोंड मिटून घेतो, आणि डाव्या हातानं सारखा दारातल्या लिंबाकडं दाखवतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि म्हशीचं जास्तीचं दूध सांगून आल्या. संध्याकाळी मी साखर मागायला गेले तर गॅसवर मोठं पातेलं, दूध पार निम्म्यावर आलेलं, आणि काकू कंबरेला पट्टा बांधून ढवळत उभ्या.

"बासुंदी का, काकू?"

"न्हाई. दही."

मी पातेल्याकडं बघितलं, मग काकूंकडं. त्यांनी डाव हालवणं थांबवलं नाही. "तू मराठीच शिकव, पोरी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी अंगणात झाकण काढलं. तडा नाही, पाण्याचा थेंब नाही. त्यांनी गाडगं तिरकं केलं, अजून तिरकं केलं. दही जागचं हाललं नाही. "लागलं!" ते ओरडले. "बगा, बगा, कवडी मोडली न्हाई!" गल्ली गोळा झाली. तांबे घेऊन आलेल्या बायका मात्र नाराज झाल्या. अप्पांनी मिस्त्रीला फोन लावला. "तेलाचेच बरोबर व्हते बे! चकती मऊवर, एक पाटा कमी, मागं पेंडीची दोन पोती वजनाला. बसलं गनित!" मिस्त्री तिकडून काय म्हणाला कुणास ठाऊक, पण अप्पांचे डोळे भरून आले. मी काकूंकडं बघितलं. काकू दारात उभ्या राहून गालातल्या गालात हसत होत्या.

पंचमीला सकाळी निघालो. काकूंनी नवं लुगडं नेसलं, हातभर बांगड्या भरल्या. जीप एवढी उंच करून ठेवलेली की त्यांना चढवायला चौरंग लावावा लागला. सोबतीला मला घेतलं. दादाला दही आवडायचं म्हणून काकूंनी अजून एक गाडगं लावून घेतलं होतं. ते अप्पांनी स्वतः चुंबळीवर ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "तुज्यासंगं त्येची बी परीक्षा." रस्ताभर ते इतकं हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. खड्डे आले, चाकोऱ्या आल्या. हेलकावे बसले, एखादा हिसका बसला, बाकी खरंच काही नाही. एवढ्या खटाटोपाचं काहीतरी फळ मिळालं होतं.

ओढ्याला मात्र पाणी होतं. वरती कुठंतरी पाऊस झाला असावा. टिप्परनी पाडलेला खड्डा त्या गढूळ पाण्याखाली दिसला नाही. मागचं डावं चाक एकदम त्यात गेलं, आणि खालून सरळ वर आला. माझे दात वाजले.

अप्पांनी पाण्यातच ब्रेक मारला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मागं वळून बघायची त्यांची छाती होईना. मानेच्या शिरा ताठ झालेल्या. "काय व्हता?" त्यांनी विचारलं.

काकूंनी माझं मनगट असं आवळलं होतं की माझी बांगडी वाढली. डोळे गच्च मिटलेले, वरच्या ओठावर घाम. मला वाटलं, संपलं सगळं. मग त्यांनी डोळे उघडले, श्वास घेतला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "हेलकावा. चला."

"मॅडम?"

"हेलकावाच," मी म्हटलं. मी तर निब्बर झालेली, माझं कोण धरतंय!

लिंबाखाली बाजेवर दादाला बसवलं होतं. लिंबाला झोका टांगलेला. दादा सारखे तिकडं हात करत होते म्हणून वहिनींनी कुणाकडून तरी बांधून घेतला होता. काकू चौरंगावरून उतरल्या, कंबरेवर हात ठेवून एकेक पाऊल टाकत गेल्या आणि बाजेच्या कडेला टेकल्या. दादांचा डावा हात उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. दादांच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. मग दोघंही रडले, आणि या वेळी नेट गेलं नाही. मीही रडले, सांगायला लाज कसली.

काकूंनी गाडगं मागितलं आणि चमच्यानं दादांना दही भरवायला लागल्या. तोंड मिटून बसणाऱ्या त्या माणसानं तोंड उघडलं. वहिनींनी एक वाटी अप्पांच्याही हातात दिली. जन्मभर दूधवाल्यांना पेंड विकलेला माणूस. दूध चाखून म्हशीनं काय खाल्लंय ते सांगायचा. पहिला चमचा तोंडात गेला आणि अप्पा थांबले. दुसरा चमचा त्यांनी दह्यात उभा रोवला. तो उभाच राहिला.

"दूध आटीवलं व्हतंस," अप्पा म्हणाले.

"व्हय."

"परवाच्या गाडग्याला बी?"

"त्येला बी." काकूंनी दादांची हनुवटी पदरानं पुसली. "मला यायचं व्हतं."

आता भडका उडणार म्हणून मी वहिनींच्या मागं सरकले. अप्पांनी वाटीतलं दही शेवटपर्यंत खाल्लं, बोटानं वाटी निपटून घेतली आणि जीपजवळ जाऊन, टायरला पाठ लावून, संध्याकाळपर्यंत बसून राहिले. काकू तेवढ्या वेळात झोक्यावरही टेकल्या, पाय जमिनीवर ठेवून, नुसत्या टेकल्या. दादा डाव्या हातानं दोरी धरून होते.

परत निघालो तेव्हा ओढ्याचं पाणी ओसरलं होतं. अप्पांनी काठावर गाडी उभी केली. म्हटलं, आता हे चकतीसाठी उतरणार. उतरले नाहीत. सीटवरच पूर्ण मागं वळले. मला त्यांनी काही विचारलं नाही. गादीवर आडव्या झालेल्या काकूंकडं बघत म्हणाले, "सकाळी हितं काय बसला तुला?"

"दनका."

"केवढा?"

काकूंनी कंबरेला हात लावला. खरंच आठवून बघत होत्या.

"सोसंल एवढा," त्या म्हणाल्या.

अप्पांनी मान हलवली. "सोसंल एवढा," स्वतःशीच एकदा म्हणून बघितलं, पुढं वळले आणि गिअर टाकला.